पदावरची ‘चाल’

जुन्या संगीत नाटकाचे एखादे छापील पुस्तक उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘चाल’ असा शब्द आणि पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले दोन-चार शब्द आढळतील. आपण ती ओळ ओलांडून पुढे जातो. आज मात्र त्या ओळीपाशीच जरा थांबू या.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्यातील पुष्कळ पदे साकी, दिंडी अशा लोकांच्या ओठांवरच्या चालींवर बांधलेली होती. साहजिकच प्रेक्षक ती गुणगुणतच घरी जात. १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, त्यांत उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीचा ढंग आला. १९१९ च्या ‘एकच प्याला’साठी काही चाली सुंदराबाई जाधवांकडून मिळाल्या. पदे गाजली बालगंधर्वांच्या गळ्यातून. चाल देणारीचे नाव किती जणांना ठाऊक असते?

त्याच काळात अमेरिकेत ‘वॉदव्हिल’चे खेळ जोरात होते. एकाच तिकिटात गाणे, नाच, नकला अन् कसरती! तिथले गाजलेले गाणे सुरावटीसह छापून विकत आणि लोक ते घरच्या पियानोवर वाजवीत. आपल्याकडे स्वरलिपी वाचणारे थोडे. मग चाल कागदावर उतरवायची कशी? ओळखीच्या गाण्याचे नाव द्यायचे, झाले! युक्ती नामी खरी. पण ते मूळ गाणे कुणाला तरी येत असले पाहिजे. ते विसरले गेले, की ‘चाल’ची ओळ मुकी होते.

ग्रामोफोनने पुष्कळ पदे वाचवली. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. ‘वन्समोअर’ घेत रंगणारे पद तेवढ्यात आटोपावे लागे. तरी ते उरले. मागची कित्येक मूळ गाणी तबकडीपर्यंत पोचलीच नाहीत.

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर अजून हळदीची गाणी आहेत, कोळीगीते आहेत, गणपतीतली नाचाची गाणी आहेत. गुरुजी, बाई, मुलांना एवढे काम द्या : घरातल्या आजीचे एक गाणे मोबाइलवर मुद्रित करायचे, वहीत शब्द उतरवायचे, आणि खाली आजीचे नाव, गाव, गाणे कोणत्या प्रसंगी म्हणतात, ती ते कुणाकडून शिकली, हेही लिहायचे. शब्द वहीत राहतील, पण चाल आजीच्या गळ्यात आहे. ती आहे तोवरच हे काम उरकले पाहिजे.