स्कायहार्बरचे तीन संग्रह व त्यांचा आवाज

मेटल म्हणजे विजेच्या गिटारींचा गदारोळ व त्यावर कोणाचे तरी ओरडणे, अशी सुशिक्षित कुटुंबांतून समजूत आहे. ती अगदीच निराधार नाही. तथापि ‘प्रोग्रेसिव्ह’ नामक शाखेत विषम ताल, लांब रचना व मध्येच येणारी शांतता यांस मोल असते. रूपकाच्या सात मात्रा मोजणाऱ्या कानास हा हिशोब परका वाटू नये.

या शाखेतील स्कायहार्बर हा संच दिल्लीचे गिटारवादक केशव धर यांनी घरच्या ध्वनिमुद्रणगृहात उभारला. २०१२ च्या पहिल्या संग्रहाचे दोन भाग आहेत. ‘इल्यूजन’मधील सात गीते इंग्लंडच्या डॅनियल टॉम्पकिन्स यांनी सुरेल गायिली, ‘केऑस’मधील तिहींत मुंबईच्या ‘भयानक मौत’ या संचाचे सुनीथ रेवणकर गर्जतात. ड्रमवादक अनुप शास्त्री अमेरिकेत. तेव्हा मंडळी एकत्र न जमताच मुद्रणे इंटरनेटवरून जुळविली गेली! पुढे २०१४ साली ‘गायडिंग लाइट्स’ व २०१८ साली, एरिक एमरी या नव्या गायकासह, ‘सनशाइन डस्ट’ निघाले.

आता आवाजाचा दर्जा. ‘कॉम्प्रेशन’ या एका शब्दाने दोन भिन्न गोष्टी सांगितल्या जातात व तेथेच घोटाळा होतो. पहिली, फाइल लहान करणे: सीडीवर सेकंदास सुमारे १,४११ किलोबिट असतात, एमपीथ्रीत ३२० किंवा १२८. पैकी ३२० ची प्रत बहुतेकांस वेगळी ओळखू येत नाही. दुसरी गोष्ट अधिक घातक. हळू व मोठ्या आवाजातील अंतरच दाबून सारे सारखे मोठे करावयाचे. मेटॅलिकाच्या २००८ मधील ‘डेथ मॅग्नेटिक’विषयी हीच तक्रार झाली, त्याच गीतांची ‘गिटार हीरो’ या खेळातील प्रत कित्येकांस अधिक मोकळी वाटली. मूळ मिश्रणातच दबलेले महाग ‘हाय-रेझोल्यूशन’ प्रतीने परत येत नाही. पैसा मात्र जातो.

रबाळ्याहून ठाण्यास लोकलने जाणाऱ्यास दबलेला आवाज सोयीचाच. गाडीच्या खडखडाटात हळुवार जागा बुडून जातात. घरी, रात्री, निवांत ऐकताना मात्र त्याच जागांसाठी ऐकावयाचे असते. नवख्याने आरंभ ‘गायडिंग लाइट्स’पासून करावा, ‘केऑस’ शेवटी ठेवावे. दोन प्रती ताडून पाहावयाच्या असल्यास आधी दोहोंचा आवाज सारखा करून घ्यावा, कारण जी प्रत किंचित मोठी वाजते तीच कानास सरस भासते.