सावलीच्या टोकावरची सूर्यमाला

उज्जैनच्या शासकीय जिवाजी वेधशाळेत दर २१ जूनला विद्यार्थी आणि हौशी माणसं जमतात. आभाळ मोकळं असलं, तर दुपारी १२ वाजून २८ मिनिटांच्या सुमारास शंकू यंत्राच्या मधोमध उभ्या असलेल्या शंकूची सावली आक्रसत त्याच्या बुडाशी जाते आणि दिसेनाशी होते.

काटेकोरपणे बोलायचं तर ती शून्य होत नाही. उज्जैनचा अक्षांश २३ अंश ११ मिनिटं, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला. सूर्य इथं बरोबर माथ्यावर येतो तो १२-१३ जूनच्या आसपास आणि परतताना जूनअखेरीस. २१ जूनला तो माथ्यापासून पाव अंश उत्तरेला गेलेला असतो. मीटरभर उंचीच्या काठीची सावली तेव्हा जेमतेम साडेचार मिलिमीटर भरते, आणि पडते ती दक्षिणेकडे. एरवी वर्षभर उत्तरेला पडणारी सावली आज उलट का, हा प्रश्न ज्या मुलाला पडला, त्याच्या हाती पृथ्वीच्या कललेल्या आसाची गोष्ट लागलीच. प्रत्यक्ष कर्कवृत्तावरची जागा हवी असेल तर जिल्ह्यातल्या डोंगला गावी जावं लागतं. भीमबेटकाची चित्रं जगापुढे आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर यांनी या जागेकडे लक्ष वेधलं होतं. आज तिथं वराहमिहिरांच्या नावाची वेधशाळा आहे.

शंकू यंत्राच्या गोल ओट्यावर रेषा आखलेल्या आहेत. वर्षभरात सावलीचं टोक कुठून कुठवर फिरतं, ते त्या सांगतात. विषुवदिनी, म्हणजे २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास, ते टोक दिवसभर एका सरळ रेषेवरून चालतं. इतर दिवशी त्याची वाट वाकडी होते, आणि उन्हाळ्यातला बाक हिवाळ्यातल्या बाकाच्या उलट असतो. शेजारच्या नाडीवलय यंत्राला दोन तोंडं आहेत, उत्तरेचं आणि दक्षिणेचं. वर्षाचा अर्धा भाग ऊन एका तोंडावर असतं, उरलेला अर्धा दुसऱ्यावर. सूर्य विषुववृत्त ओलांडतो म्हणजे नेमकं काय, हे इथं बोटानं दाखवता येतं.

इथली बहुतेक यंत्रं अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. माळव्याचा सुभेदार असलेल्या सवाई जयसिंहानं दिल्ली, जयपूर, मथुरा, वाराणसी आणि उज्जैन अशा पाच वेधशाळा उभारल्या. पितळेची यंत्रं लहान असतात, त्यांचे आस झिजतात आणि वेध चुकतात, म्हणून त्यानं दगडचुन्याची, हलणार नाहीत अशी प्रचंड यंत्रं बांधली. उज्जैनची निवडही उगाच नव्हती. सिद्धान्तग्रंथांत रेखांश मोजायचे ते उज्जैनमधून जाणाऱ्या रेषेपासूनच.

जयसिंहानंतर मात्र वेध थांबले आणि वेधशाळा दुर्लक्षित पडली. तिला पुन्हा कामाला लावण्यात एका मराठी ज्योतिर्विदाचा मोठा वाटा आहे. गोविंद सदाशिव आपटे आणि उज्जैनचे नारायणजी व्यास यांच्या शिफारशीवरून ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी १९२३ मध्ये तिची दुरुस्ती करवली. आपटे पहिले अधीक्षक झाले. सम्राट, नाडीवलय, दिगंश आणि भित्ती ही चार यंत्रं जयसिंहाची. शंकू यंत्र आपट्यांच्या मार्गदर्शनाखाली झालेलं. १९४२ पासून वेधशाळेचं स्वतःचं ग्रहस्थितीचं पंचांग निघतं. आपट्यांचं नाव महाराष्ट्रातल्या शाळांत कुणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

सम्राट यंत्रावर तर अख्खा तास खर्च करावा. जिन्याची भिंत पृथ्वीच्या आसाला समांतर, दोन्ही बाजूंच्या कमानींवर तास, मिनिटं आणि मिनिटाचे तिसरे हिस्से कोरलेले. यंत्रावरची वेळ वाचून मुलं मनगटाकडे बघतात, तर जमत नाही! कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं आणि उज्जैन ७५ अंश ४६ मिनिटांवर, म्हणून सुमारे २७ मिनिटांचा फरक. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे आणखी काही मिनिटं कमीजास्त होतात. दोन्ही दुरुस्त्या केल्या की दगड आणि घड्याळ जुळतात. माझ्या मते सूर्यमालेचा याहून चांगला धडा नाही. तारेवर टांगलेले थर्माकोलचे आठ गोळे नावं पाठ करून देतात, पण आपण स्वतः त्या फिरत्या गोळ्यांपैकी एकावर उभे आहोत, हे त्यातून कळत नाही.

ग्रहांचंही तसंच. सिंहस्थ उज्जैनला भरतो आणि नाशिकलाही, तो गुरू सिंह राशीत आला की. गुरूची सूर्याभोवतीची एक फेरी ११.८६ वर्षांची, म्हणून मेळा साधारण बारा वर्षांनी येतो. सात फेऱ्यांना चौऱ्याऐंशी नव्हे, त्र्याऐंशी वर्षं लागतात. त्यामुळे कधीतरी अकराव्या वर्षीच गुरू सिंहेत पोचलेला असतो. २०२८ च्या सिंहस्थाला निघालेल्या प्रत्येक कुटुंबातल्या मुलांना तो ग्रह रात्री आकाशात दाखवायला हवा. वेधशाळेत आठ इंची दुर्बीणही आहे. तेवढ्या दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र आणि शनीची कडी स्वच्छ दिसतात.

महाकाळाच्या दर्शनाला महाराष्ट्रातून जाणाऱ्या सहलींनी वेधशाळेसाठी अर्धा दिवस राखावा. जाणं जमत नसेल तर शिक्षकांनी एवढं तरी करावं: २२ डिसेंबरला मीटरभर काठी अंगणात सरळ उभी करून माध्यान्हाची, म्हणजे सर्वांत आखूड, सावली मोजावी. पुण्यात ती ९० सेंटीमीटर भरेल, उज्जैनला १०६. कागदावर काटकोन त्रिकोण काढला की सूर्य माथ्यापासून किती कलला, ते दोन्हीकडे कळतं. फरक येतो सुमारे ४.७ अंशांचा. दोन्ही गावांचं दक्षिणोत्तर अंतर नकाशावर साधारण ५२० किलोमीटर. त्रैराशिक मांडा, पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास निघेल. त्यासाठी उज्जैनच्या एखाद्या शाळेला आजच पत्र लिहून ठेवा.