गप्प लायब्ररी बोलती होते तेव्हा

इंटरनेटवरून माहिती मागवणारे असंख्य पायथन प्रोग्रॅम 'रिक्वेस्ट्स' आणि तिच्या पोटातल्या 'युआरएललिब३' या लायब्रऱ्यांच्या भरवशावर चालतात. विनंती गेली, उत्तर आलं, इतकंच प्रोग्रॅमरला दिसतं. पण सुरुवातीला दोन ओळी लिहा: एकीने लॉगिंगची साधी मांडणी करा, दुसरीने 'युआरएललिब३' नावाच्या लॉगरची, म्हणजे नोंदी करणाऱ्या घटकाची, पातळी डीबगवर आणा. लगेच पडद्यावर ओळी उमटू लागतात. कोणत्या सर्व्हरशी, कोणत्या पोर्टवर नवं कनेक्शन उघडलं, कोणता पत्ता मागितला, उत्तराचा कोड २०० होता की ४०४, सगळं दिसतं. लायब्ररीचा कोड तसूभरही बदललेला नसतो. या नोंदी तिच्या लेखकांनी आधीच लिहून ठेवलेल्या असतात, फक्त कुणी मागेपर्यंत त्या बाहेर येत नाहीत.

ही सोय विनय साजिप यांच्या लॉगिंग मॉड्यूलमुळे मिळाली. जावातल्या लॉग४जेसारख्या पद्धती अभ्यासून २००२ मध्ये तिचा प्रस्ताव मांडला गेला आणि २००३ मध्ये पायथन २.३ सोबत ती सर्वांच्या हाती आली. नोंदींना महत्त्वानुसार पातळ्या देण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. १९८० च्या दशकात बर्कलीत एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल प्रोग्रॅमसाठी सिसलॉग ही नोंदपद्धत घडवली. त्यात आठ पातळ्या आहेत आणि डीबग सर्वांत खालची. पायथनने पाचच ठेवल्या: डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०. मधल्या मोकळ्या आकड्यांवर कुणालाही स्वतःची पातळी बसवता येते. काहीच सांगितलं नाही तर उंबरठा ३० वर असतो, म्हणून डीबगच्या नोंदी एरवी दिसत नाहीत.

मला खरी प्रतिभा दिसते ती नावांच्या वंशावळीत. 'युआरएललिब३.कनेक्शनपूल' हा लॉगर 'युआरएललिब३'चं अपत्य, आणि सगळ्यांच्या मुळाशी रूट लॉगर. अपत्याची स्वतःची पातळी ठरवलेली नसेल तर ती वरच्याकडून येते. नोंद मात्र उलट दिशेने, खालून वर चढत जाते आणि वाटेतल्या प्रत्येक हँडलरला, म्हणजे नोंद पडद्यावर किंवा फाइलमध्ये पोहोचवणाऱ्या घटकाला, भेटते. या चढणीत वरच्या लॉगरची पातळी पुन्हा तपासली जात नाही, तपासली जाते ती हँडलरची. म्हणूनच रूट वॉर्निंगवर असतानाही एकट्या युआरएललिब३ची डीबग नोंद पडद्यापर्यंत पोहोचते. भलेभले अनुभवी लोकही इथे गोंधळतात.

लायब्ररी लिहिणाऱ्यासाठी एक नियम आहे आणि तो फार सुंदर आहे. लायब्ररीने नोंदी कराव्यात, पण त्या कुठे जाव्यात हे तिने ठरवू नये. तो अधिकार तिला वापरणाऱ्या ॲप्लिकेशनचा. त्यासाठी पायथन २.७ आणि ३.१ पासून काहीही न करणारा 'नलहँडलर' दिला गेला. लायब्ररीने स्वतःच्या लॉगरला तो जोडून गप्प राहावं.

या शांततेची किंमतही नगण्य आहे. पातळी बंद असेल तर डीबगची ओळ एक छोटी तपासणी करून परत फिरते. संदेश आणि त्यातली मूल्यं वेगवेगळी दिलेली असतील तर पूर्ण वाक्य जोडण्याचे कष्टही वाचतात.

धोका मात्र लहान नाही. २०१८ च्या मे महिन्यात ट्विटरने आपल्या सर्व वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा विचार करायला सांगितलं, कारण ते एका अंतर्गत लॉगमध्ये उघड्या रूपात लिहिले गेले होते. पायथनच्या एचटीटीपी क्लायंटची डीबग पातळी चालू केली तर विनंतीचे हेडर, त्यातल्या गुप्त टोकनसकट, थेट पडद्यावर छापले जातात. ती छपाई लॉगिंगमधून जातच नाही, त्यामुळे लॉगिंगची चाळणीही तिला लागू होत नाही.

तेव्हा पुढचा बग शोधताना जागोजागी प्रिंट पेरण्याआधी त्या लायब्ररीच्या लॉगरचं नाव शोधा आणि फक्त त्याचीच पातळी उतरवा. काम झालं की, ग्राहकांच्या सर्व्हरवर कोड जाण्याआधी, ती पुन्हा वॉर्निंगवर न्या.