करडी चौकट, आत सरकलेला मजकूर

पाठ्यपुस्तकातलं ‘लक्षात ठेवा’ असो की परिपत्रकातली ठळक सूचना, दोन्ही बाजूंनी जरा आत घेतलेला आणि मागे फिकट करडा रंग असलेला परिच्छेद आधी डोळ्यांत भरतो. आज तो दोन-चार क्लिकमध्ये तयार होतो. खिळे जुळवण्याच्या काळात मात्र मजकूर आत घ्यायचा तर प्रत्येक ओळीच्या आरंभी कोरे खिळे बसवावे लागत. टाइपरायटरने समास सरकवण्याची सोय दिली. रंगछटा त्याच्या आवाक्याबाहेरच होती.

संगणकावर मजकूर जसा छापायचा तसाच दिसू लागला तो १९७४च्या सुमारास, झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात. बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ‘ब्राव्हो’ हा लेखनाचा प्रोग्रॅम तिथेच घडवला. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये डॉसवरचा ‘वर्ड’ आला. परिच्छेदाचं रूप एकदा ठरवून, त्याला नाव देऊन हवं तिथे लावण्याची ‘स्टाइल’ची सोय त्यात पहिल्यापासून होती. या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची कल्पना हीच, आणि सर्वांत कमी वापरली गेलेलीही हीच.

बाकीचे वर्ड प्रोसेसर आपापल्या वाटेने चालले होते. ‘वर्डस्टार’मध्ये कंट्रोल-ओ-जी दाबलं की परिच्छेद आत सरके. ‘वर्डपरफेक्ट’मध्ये एफ-४ने डावीकडून आणि शिफ्टसह एफ-४ने दोन्हीकडून.

छटेचा प्रश्न छपाईशी बांधलेला होता. १९८४ मध्ये आलेला एचपीचा लेझरजेट इंचाला ३०० ठिपके उमटवत असे. काळ्या शाईच्या यंत्राला करडा रंग म्हणजे विरळ-दाट काळे ठिपकेच. म्हणून तर वर्डच्या छटांच्या यादीत ५ टक्के, १० टक्के, १२.५ टक्के असे आकडे दिसतात. देवनागरीला याचा जास्त जाच. बारीक टाइपात अनुस्वाराचा ठिपका त्या ठिपक्यांत हरवू शकतो, ऱ्हस्व वेलांटीची नाजूक रेष तुटक दिसते. त्यामुळे मराठी मजकुरामागे छटा जितकी फिकी तितकी बरी.

वर्डमध्ये समास, छटा हे सगळं परिच्छेदाच्या शेवटच्या खुणेत साठवलेलं असतं. ती खूण पुसली की परिच्छेद पुढच्यात मिसळतो आणि दोघांचं रूप एकच होतं. छटाही समासाच्या मागोमाग जाते: वरच्या मोजपट्टीवरचे (रूलर) समासाचे त्रिकोण आत ओढले की करडी जागाही आत येते. लागोपाठच्या दोन परिच्छेदांचे डावे-उजवे समास वेगळे असले तर एकसंध चौकट तुटून दोन वेगळ्या रुंदीच्या पेट्या होतात. ‘बॉर्डर्स अँड शेडिंग’च्या खिडकीत छटा परिच्छेदाला की नुसत्या निवडलेल्या शब्दांना, हेही सांगावं लागतं. ते चुकलं की सलग पट्ट्याऐवजी शब्दांमागे चिंध्या लटकतात.

मराठीत याची खरी परीक्षा झाली फाँट बदलताना. विंडोज २००० सोबत र. कृ. जोशींचा ‘मंगल’ हा युनिकोड फाँट आला आणि जुन्या फाँटमधल्या फायली युनिकोडमध्ये आणण्याचं काम सुरू झालं. अक्षरांची रुंदी बदलली. स्पेसबार दाबून दाबून आत ढकललेल्या ओळी वेड्यावाकड्या झाल्या, कुठे अर्धी ओळ पुढे, कुठे मागे. ज्यांनी समास आणि छटा परिच्छेदाला लावली होती त्यांचा मजकूर नव्या रुंदीनुसार आपोआप मांडला गेला आणि मागचा करडा पट्टा होता तिथेच राहिला.