मोहाची वीजभट्टी

मार्च लागला की सालेकसा-देवरीच्या रस्त्यावर हवेला एक गोड, जरासा आंबूस वास येऊ लागतो. मोह गळू लागलेला असतो. ही फुले खुडावी लागत नाहीत. पहाटे आपणहून टपटपतात आणि ऊन चढायच्या आत बायका-पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली वेचत बसतात. वर्तमानपत्रात मात्र मोहाचे नाव बहुधा एकाच मथळ्याखाली येते : हातभट्टीवर धाड, मोहसडवा नष्ट. सुकल्यावर ज्याच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते, ते फूल गावाबाहेरच्या घरात डब्यात भरून ठेवलेले सहसा दिसत नाही, याचे मला नवल वाटत आले आहे.

म्हणून या मोसमात मीच एक भट्टी लावली. दारूची नव्हे, पाकाची. आणि लाकडावर नव्हे, विजेवर.

मोहाचा पाक चुलीवर करणे अवघड नाही, पण साखर दाट होऊ लागली की जाळ जरा वाढला तरी तळ करपतो आणि सगळा पाक कडवट होतो. विजेचा ताव मात्र मोजून देता येतो. गंमत अशी, की तारेतून वीज गेली की किती उष्णता निघते याचा नियम 1840च्या सुमारास ज्याने शोधला, तो जेम्स जूल इंग्लंडमधल्या बिअर गाळणाऱ्याच्या घरातला होता. तापमान मोजायची सवय त्याला घरच्या धंद्यातच लागली असावी, असे मला आपले वाटते.

माझी भट्टी म्हणजे एकात एक ठेवलेले दोन स्टीलचे गंज. (उभ्या पातेल्याला आमच्याकडे गंज म्हणतात.) बाहेरच्या गंजाला भोक पाडून, रबरी वायसर घालून 1500 वॉटचे गिझरचे एलिमेंट बसवले, सोबत थर्मोस्टॅट. आतला गंज विटेच्या तुकड्यांवर टेकवला. एलिमेंट फक्त पाण्यात राहते, पाकाला शिकत नाही. आणि पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, म्हणून पाक करपायची भीती नाही. वायरमनने अर्थिंग तपासून दिल्याशिवाय मी बटनाला हात लावला नाही. पाणी आणि वीज एकाच भांड्यात म्हटल्यावर हा खर्च वाचवण्यात अर्थ नाही.

आदल्या दिवशी दोन किलो सुकी फुले निवडली. आतले केसर काढणे हे खरे कष्टाचे काम. ते राहिले तर पाक तुरट लागतो. सकाळी फुले धुऊन दहा लिटर पाण्यात आतल्या गंजात टाकली, बाहेरही दहा लिटर पाणी. हिशेबाने वीस लिटर पाणी तीस अंशांवरून नव्वदला न्यायला 1500 वॉटला छप्पन्न मिनिटे लागतात. माझ्या घड्याळात सव्वा तास झाला, कारण गंजाच्या अंगातूनही उष्णता निसटतच होती. मग गोणपाट गुंडाळले. फुले मऊ झाल्यावर रस गाळून घेतला आणि पुन्हा चढवला. यानंतर सहा तास बाहेरचे पाणी पाहत, भर घालत बसणे. मीटरवर दहा युनिटांच्या वर गेले. तिरोड्याला 3300 मेगावॉटचे वीज केंद्र असलेल्या या जिल्ह्यात एवढी वीज कोणाला जड जाऊ नये; पण दुपारी वीस मिनिटे ती गेलीच. असो.

गाळलेला रस रात्रभर ठेवायचा नाही, हे नियमासारखे पाळावे. फुलावरचे यीस्ट साखरेवर लगेच काम सुरू करते आणि दोन दिवसांत रसाचा सडवा होतो. तो बाळगणेही गुन्हाच. मोहावर कायद्याची नजर जुनी आहे : ठाणे-कुलाब्यासाठी इंग्रजांनी 1892 साली स्वतंत्र कायदा केला, आणि 1949च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुले आली. 2021 मध्ये राज्य सरकारने फुले गोळा करण्यावरचे आणि बाळगण्यावरचे निर्बंध शिथिल केले. दारू गाळायला मात्र परवाना लागतोच. गोव्याने काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळवले आणि तिची बाटली दुकानात मानाने ठेवली. मोहाच्या वाट्याला तो मान का नाही, हा प्रश्न मला रास्त वाटतो. पण तो सुटेपर्यंत पाकाला कोणाची आडकाठी नाही.

संध्याकाळी दीड किलोच्या आसपास तांबूस, मधासारखा पाक निघाला. फुले दिलेल्या मावशींनी बोटावर घेऊन चाखला. "भाऊ, माय आमची गुळ नसला का हेच भाकरीसंगं देत होती," त्या म्हणाल्या. पुढचा त्यांचा प्रश्न सरळ होता : असा गंज गावात बसवला तर चालेल का? मोसमात फूल स्वस्त विकावे लागते, कारण घरात ते टिकवायला जागा नसते. ओल लागली की बुरशी धरते. पावसाळ्यात तेच महाग मिळते, तेही दुसऱ्याच्या गोदामातून. पाक केला तर बरणीत मावतो आणि थांबतो.

मी खर्च मांडून दाखवला. गंज, एलिमेंट, थर्मोस्टॅट, अर्थिंग, रोजची दहा युनिटे. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "लाइन गेली का अर्धा पाक कुठं ठेवायचा?" दोन तास झाकून गरम राहतो, पुढे चूल पेटवावीच लागेल, असे मी सांगितले. "मंग चूल ठेवू बाजूला," म्हणून त्या उरलेली फुले परत घेऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात केसर काढायला गावातल्या तिघीजणी येणार आहेत.