चुन्याआडचा दगड आणि उघडं लोखंड

शेंद्रा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये वेल्डरचं काम बघत होतो. दोन पत्रे जुळवून त्यानं आधी टॅक मारले, गुण्या लावला, पटलं नाही म्हणून एक टॅक ग्राइंडरनं उडवला, पत्रा सूतभर सरकवला आणि मगच सांधा भरला. वेरूळच्या पाथरवटाला ही मुभा नव्हती. आठव्या शतकातलं कैलास लेणं डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलेलं आहे. उडालेली कपची पुन्हा बसत नाही.

त्याच लेण्याच्या दक्षिण बाजूला रावण कैलास हलवतो आहे. तो इतका खोल आणि सुटा कोरलाय की अंगावर कायम सावली राहते. वर पार्वती शिवाला बिलगलेली, दासी पळत सुटलेली. गोष्ट बघणाऱ्याला आधीच ठाऊक होती. शिल्पकारानं ठरवायचं होतं ते दगडात किती आत शिरायचं. आणि ज्या काळ्या बेसाल्टवर आपण भाळतो, तो दिसावा असा त्याचा हेतूच नव्हता. वर चुन्याचा गिलावा होता, रंग होते. म्हणूनच कैलासला रंगमहाल हे नाव पडलं. दगडाचं काम देव उभा करण्याचं, स्वतः दिसण्याचं नव्हे.

आधुनिक शिल्पानं नेमकं द्रव्यच पुढे आणलं. हुलिओ गोंझालेझ हा स्पॅनिश शिल्पकार गॅस वेल्डिंग शिकला तो १९१८ साली, पॅरिसजवळच्या रेनॉ मोटारींच्या कारखान्यात. १९२८पासून तो आणि पिकासो मिळून लोखंडाची शिल्पं जोडू लागले. तिथे आधीची गोष्ट नाही. सळईची बारीक रेघ आणि पत्र्यांमधली पोकळी हेच सांगणं.

केवळ काळ नवा म्हणून शिल्प आधुनिक होत नाही. धुळे जिल्ह्यातले राम सुतार १९५०च्या दशकात पुरातत्त्व खात्यात होते, वेरूळच्या भंगलेल्या मूर्ती त्यांनी दुरुस्त केल्या. पुढे त्यांनी घडवलेला सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा काँक्रीट-पोलादाचा, वरून ब्राँझचा. तंत्र आजचं, पण अर्थ जुन्या रीतीचा: माणूस ओळखा आणि हात जोडा.

मला खटकतो तो चौकाचौकांतला ब्राँझचा रंग फासलेला फायबर. वेरूळचा चुना दगड झाकत होता, पण दुसरं काही असल्याचं सोंग घेत नव्हता. शेंद्र्यात मोटारी बनतात, पत्रा आहे, तरबेज वेल्डर आहेत. इथल्या रस्त्यांवर शिल्प उभारायचं असेल, तर ते याच लोखंडाचं आणि याच हातांकडून करून घ्या. त्याला ब्राँझचा रंग मात्र देऊ नका.