आकड्यांचा संघ आणि दुकानाची बिलबुके

एका रमजानच्या सीझनला आम्ही भारी वर्कचा माल निव्वळ नजरेच्या भरवशावर भरला. ईद झाली, पाऊस लागला, तरी निम्मा माल फळीवरच. मुंबईच्या पेढीचे पैसे फेडताना नाकी नऊ आले. त्याच दिवसांत मुलाने आम्हाला ‘मनीबॉल’ हा २०११ सालचा इंग्रजी चित्रपट दाखवला. सिनेमाचा आम्हाला शौक नाही. पण हा चित्रपट दुकानदाराने जरूर पाहावा.

गोष्ट खरी आहे. अमेरिकेतील ओकलंडच्या बेसबॉल संघाचे तीन नामवंत खेळाडू २००१ च्या मोसमानंतर दुसऱ्या संघांकडे गेले. २००२ साली ओकलंडचा पगारखर्च सुमारे ४ कोटी डॉलर, तर न्यूयॉर्क यांकीजचा १२ कोटींच्या वर. व्यवस्थापक बिली बीन याने मग आकडे हाती घेतले. जुने जाणकार खेळाडूची शरीरयष्टी आणि फटका पाहत. बीनने एवढेच पाहिले की, हा बाद न होता तळावर किती वेळा पोचतो? चार वाईट चेंडू सोडले तरी पहिला तळ मिळतो. त्यात रुबाब नाही, म्हणून असे खेळाडू स्वस्तात मिळत. कोपराच्या दुखापतीने आपली मूळ जागा गमावलेला स्कॉट हॅटेबर्ग त्यांपैकीच एक. त्या साली ओकलंडने लागोपाठ २० सामने जिंकले. विसाव्या सामन्याचा विजयी फटका हॅटेबर्गचाच होता.

मात्र नजर अगदीच निरुपयोगी नाही. २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये सर्वांत स्वस्त संघ राजस्थानचा, ६ कोटी ७० लाख डॉलरचा. मुंबईचा ११ कोटींच्या वर. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर १ जूनला अजिंक्य ठरला तो राजस्थान. गोव्याच्या स्वप्निल अस्नोडकरने त्या मोसमात ९ सामन्यांत ३११ धावा काढल्या. तिथे कर्णधार शेन वॉर्नची पारखही कामी आली.

आम्ही तीन वर्षांची बिलबुके काढून बसलो. भारी माल वर्षात दोनदा हलतो. अस्तर, परकर, लुंगी, टॉवेल रोज जातात. नफा थोडा, पण पैसा फिरता राहतो. दुसरी गोष्ट पाहून आम्हाला शरम वाटली. आमचा एक जुना नोकर बोलायला मंद. सीझन मंदा गेल्यावर त्यालाच कमी करायचे आम्ही ठरवत होतो. सर्वांत जास्त बिले त्याच्याच हातची निघाली. खेड्यापाड्यातली गिऱ्हाइके त्यालाच शोधत येतात. दुकानात रोज बसूनही हे आम्हाला दिसले नव्हते.

आकड्यांनी सर्व काही साधते असेही नाही. ओकलंडकडे चेंडू टाकणारे तीन उत्तम खेळाडू आधीच होते, त्यांची कामगिरी चित्रपटात झाकली गेली आहे. शिवाय २००२ साली तो संघ बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात हरला. नशीब कोणाच्या वहीत मावत नाही. पण व्यापारी बंधूंनो, जुनी बिलबुके रद्दीत घालू नका. पुढच्या खरेदीला निघण्यापूर्वी एक रात्र ती घेऊन बसा. आमचा तो नोकर आजही गल्ल्याशेजारी उभा आहे.